कांद्याचं एवढं काय घेऊन बसलात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिक शहरात पाथर्डी फाट्याला राहतो, अंबडच्या एका कारखान्यात हिशेबाचं काम करतो आणि शनिवारी संध्याकाळी चांदवड तालुक्यातल्या घरी जातो. कारखान्यात मला 'शेतकरी' म्हणतात, गावात 'शहरातला'. त्यामुळे कांद्याचे सगळे प्रश्न दोन्हीकडून माझ्याच गळ्यात पडतात. सोसायटीच्या ग्रुपवर, डबा खाताना, पुण्याच्या मावसबहिणीच्या फोनवर तेच तेच विचारलं जातं, म्हणून एकदाचं लिहून ठेवतोय. मी अर्थशास्त्र शिकलेलो नाही. आमची चार एकर जमीन, त्यातल्या अडीच एकरात कांदा, एवढीच माझी पात्रता. तटस्थ असल्याचा आवही आणत नाही.

लाल कांदा, रांगडा, उन्हाळ... कांदा तो कांदा. एवढी नावं कशाला?

कारण पुढचं सगळं राजकारण या नावांवर चालतं. पावसाळ्यात लावलेला कांदा साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर निघतो, तो लाल. सप्टेंबर-ऑक्टोबरात लावलेला जानेवारी ते मार्च निघतो, तो रांगडा. डिसेंबर-जानेवारीत लावून मार्चअखेरपासून मेपर्यंत काढतात तो उन्हाळ, म्हणजे रब्बीचा. देशातल्या कांद्याचा साधारण ७० टक्के हिस्सा या रब्बीचाच.

फरक टिकण्याचा. उन्हाळ कांद्याला पापुद्रे घट्ट असतात, तो चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या बांबूच्या हवेशीर कोठीत, पाच-सहा महिने राहतो. लाल कांदा पाणीदार, काढला की दोन-तीन आठवड्यांत विकावाच लागतो. उन्हाळवाल्याला निदान थांबायची सोय असते, लालवाल्याला तीही नसते. हे लक्षात ठेवा, निर्यातबंदीच्या प्रश्नात लागेल.

भाव नक्की ठरवतं कोण?

एकदा लासलगावला किंवा पिंपळगाव बसवंतला सकाळी जाऊन उभे राहा. लासलगावची बाजार समिती १९४७ सालची. कांद्याच्या बाबतीत आशियातली सगळ्यात मोठी म्हणून तिचं नाव घेतात. आवारात ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि पिकअप एका रांगेत लागलेल्या असतात. आमच्याकडे कांदा गोण्यांत भरून नेत नाहीत, मोकळाच नेतात. व्यापाऱ्यांचा घोळका रांगेच्या कडेने चालत येतो. एकजण ट्रॉलीच्या फाळक्यावर चढतो, दोन हातांनी कांदा उकरतो, खालून एक काढतो, अंगठ्याने मानेवर दाबून बघतो. तेवढ्यात क्विंटलच्या भावाचा पुकारा सुरू झालेला असतो. बाराशे, बाराशे दहा, बाराशे पंचवीस, साडेबाराशे... झालं. एक मिनिटसुद्धा लागत नाही. कागदावर आकडा पडतो आणि घोळका पुढच्या ट्रॉलीकडे सरकतो.

चार महिने राबलेल्या मालाचा निकाल मिनिटाच्या आत लागतो. आमचे अण्णा, म्हणजे वडील, त्या वेळी ट्रॉलीजवळ उभे राहत नाहीत. चहाच्या टपरीवर जातात आणि मला उभं करतात. पाचवी-सहावीत असल्यापासून मी ते मिनिट उभ्याने बघतोय.

भाव नाकारायचा हक्क शेतकऱ्याला असतो. पण डिझेल जाळून तीस किलोमीटर आलेली ट्रॉली परत न्यायची म्हटली की तो हक्क कागदावरच राहतो. सौदा झाला की भुईकाट्यावर वजन, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर, म्हणजे माल निवडायच्या-भरायच्या आवारात, खाली करायचं. तिथे ट्रॉलीच्या तळाशी माल जरा वेगळा दिसला की 'वांधा' निघतो: वरचा माल दाखवला, खालचा निघाला, आता पन्नास कमी घ्या. वांधा कधी खरा असतो, कधी नसतो. आमच्याच एका शेजाऱ्याने वर मोठा कांदा आणि खाली गोल्टी, म्हणजे बारका कांदा, भरलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे, त्यामुळे दर वेळी शेतकरीच साधा असं म्हणवत नाही.

लिलावात १५ रुपये किलो, मग नाशिकरोडच्या भाजीवाल्याकडे ३५ कसे?

डब्याच्या वेळचा हा लाडका प्रश्न. लिलावातला आकडा 'सरासरी', सगळ्या ढिगाचा असतो. त्यात गोल्टी, जोड कांदा, थोडा डागी हे सगळं आलं. खळ्यावर तो निवडला जातो, गोणीत भरला जातो, ट्रकमध्ये चढतो, दुसऱ्या बाजारात उतरतो. घट, बारदान, हमाली, भाडं, प्रत्येक हाताचा नफा, आणि शेवटी हातगाडीवाल्याचा सडलेला माल. रिझर्व्ह बँकेच्या संशोधकांनी २०२४ मध्ये टोमॅटो, कांदा, बटाट्यावर अभ्यास केला. त्यांच्या हिशेबात ग्राहकाने कांद्यावर खर्च केलेल्या रुपयातले साधारण ३६ पैसे शेतकऱ्याला मिळतात.

उरलेले ६४ पैसे सगळे चोरीचे नाहीत. हातगाडीवाल्याशी दोन रुपयांवरून भांडणाऱ्यांना मी हे नेहमी सांगतो. तो माणूस तुमच्या-आमच्यापेक्षा श्रीमंत नाही.

शेतकऱ्याला दोन रुपयांचा चेक मिळाला म्हणतात, ते खरं की व्हॉट्सॲपवरचं?

खरं आहे. फेब्रुवारी २०२३ ची गोष्ट. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरला ५१२ किलो कांदा विकला. भाव लागला किलोला एक रुपया. भाडं, हमाली, तोलाई वजा जाऊन हातात आला २ रुपयांचा चेक. त्याआधी २०१८ मध्ये निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला ७५० किलोचे १,०६४ रुपये मिळाले. त्याने ते रागाने मनीऑर्डर करून पंतप्रधानांना पाठवून दिले.

ही टोकाची उदाहरणं, रोज असं होत नाही. रोज जे होतं त्याची बातमी होत नाही: क्विंटलला बाराशे-तेराशे. आमच्या घरच्या वहीप्रमाणे पंधराशेच्या खाली विकलं की पदरचे जातात. बी, रोप, लागवडीची मजुरी, खत, फवारण्या, काढणी, पात कापणं, चाळीत भरणं. त्यात अण्णांची आणि आईची मजुरी धरलेली नाही. ती धरायची पद्धतच नाही आमच्यात.

मग साठवा ना! भाव आला की विका.

हे सुचवणारे बहुतेक माझ्यासारखे पगारदार असतात. गणित करून दाखवतो. एप्रिलमध्ये चाळीत १०० क्विंटल कांदा टाकला. सप्टेंबरात चाळ फोडली. पाणी उडून वजन घटलं, काही सडला, काहीला कोंब आले, काहीवर काजळी चढली. विकण्याजोगा उरला ७० क्विंटल. घट २५ ते ४० टक्क्यांपर्यंत जाते, तेव्हा मी काही वाईट साल धरलेलं नाही. एप्रिलमध्ये १,२०० ने विकला असता तर १,२०,००० आले असते. सप्टेंबरात ७० क्विंटल १,७०० ने विकला तर १,१९,०००. म्हणजे भाव पाचशेने वाढला, पाच महिने जीव टांगणीला लागला, निवडायला परत मजूर लावले, आणि हजार रुपये कमीच आले.

चाळ फोडल्यावर जो वास येतो तो सांगून कळणार नाही. पावसाळा दमट गेला की मधल्या कप्प्यातला कांदा बसतो, त्याचं पाणी खाली ठिबकत असतं आणि बाहेरून काही दिसत नाही. आई वासावरून सांगते कोणता कप्पा आधी काढायचा.

शीतगृहात का ठेवत नाही?

बटाट्यासारखं ते सरळ नाही. शून्याच्या आसपास ठेवलेला कांदा बाहेर काढला की भराभर कोंब धरतो, शिवाय विजेचा खर्च कांद्याच्या भावाला परवडत नाही. कोंब येऊ नयेत म्हणून गॅमा किरणांचा उपाय आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने त्यासाठी २००२ मध्ये लासलगावलाच 'कृषक' हे विकिरण केंद्र उभारलं. पुढे त्याचं नाव झालं ते अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यामुळे. कांद्यासाठी उभारलेल्या यंत्रातून आंबा परदेशी गेला आणि कांदा आहे तिथेच, बांबूच्या चाळीत.

निर्यातबंदी झाली की तुम्ही एवढे पेटता का? आधी देशाची गरज नको भागवायला?

हा खरा प्रश्न, म्हणून इथे जरा थांबतो. आधी तारखा बघा.

१९ ऑगस्ट २०२३, शनिवार. निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागल्याची बातमी संध्याकाळी आली. सोमवारी लिलाव बंद. ऑक्टोबरअखेरीस किमान निर्यात मूल्य टनाला ८०० डॉलर, म्हणजे त्याहून स्वस्त कांदा बाहेर पाठवायचाच नाही. ७ डिसेंबरच्या रात्री थेट बंदीचा आदेश, ३१ मार्च २०२४ पर्यंत. ३१ मार्च यायच्या आधीच मुदत पुढे ढकलली, या वेळी पुढची तारीखच न देता. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. १३ सप्टेंबरला किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं.

वीस महिन्यांत नियम इतक्यांदा बदलला. आता पहिल्या प्रश्नातला लाल कांदा आठवा. डिसेंबर म्हणजे लाल कांद्याचा ऐन हंगाम. नोव्हेंबरच्या शेवटी आमच्या भागात गारपीट झालेली, तिच्यातून जे वाचलं ते काढून लोक बाजारात आणत होते. अण्णांनी गुरुवारी ट्रॉली भरली. शुक्रवारी सकाळी लिलाव बंद पडले, चांदवडला मुंबई-आग्रा महामार्गावर लोक उतरले. पुढे बाजार सुरू झाले तेव्हा काही दिवसांत भाव निम्म्यावर आलेले होते. हा कांदा ठेवता येत नाही. जो भाव मिळेल तो घ्यायचा.

देशाची गरज आधी भागवावी, मान्य. पण माझ्या मते नुकसान बंदीपेक्षा ती येण्याच्या पद्धतीने जास्त होतं. आदेश रात्री निघतो आणि लिलाव सकाळी असतो. मधल्या आठ तासांत शेतकऱ्याने काय करायचं? आधी कळलं असतं तर अण्णांनी रांगडा कमी लावला असता, त्या जागी हरभरा टाकला असता. तिकडे बांगलादेश, श्रीलंका, मलेशिया, दुबईचे खरेदीदारही वाट बघत बसत नाहीत. पाकिस्तान आणि चीनचा कांदा घेतात आणि पुढच्या वर्षी तिकडेच फोन करतात. गेलेलं गिऱ्हाईक अधिसूचना काढून परत येत नाही. २०१९ आणि २०२० लाही हेच झालं होतं, त्यामुळे बाहेरचे लोक आता आपल्याला भरवशाचं धरत नाहीत.

एक गोष्ट इथले लोक अजून बोलून दाखवतात. बंदी चालू असताना एप्रिल २०२४ मध्ये गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला निर्यातीची परवानगी मिळाली. आकडा किरकोळ. पण ज्याचा लाल कांदा मातीमोल गेला त्याला तो किरकोळ कसा वाटेल? दोनच दिवसांनी सहा देशांना ९९,१५० टन पाठवण्याची घोषणा झाली, तोवर व्हायचा तो राग झालेला होता.

पण कांदा ८० रुपये झाला तर गरिबाने काय खायचं?

बरोबर विचारता. माझ्या कारखान्यात कंत्राटी कामगार आहेत, त्यांच्या डब्यात भाकरी, मिरचीचा ठेचा आणि कांदा असतो. तो ८० ला गेला तर त्यांना झळ बसतेच. 'भाजीत कांदा कमी घाला, मरत नाही कोणी' असं आमच्या गावातले पुढारी भाषणात म्हणतात, ते मला पटत नाही.

मात्र प्रमाणही बघा. महागाई मोजायच्या २०१२ पायाभूत वर्षाच्या निर्देशांकात कांद्याचं वजन ०.६४ टक्के होतं. म्हणजे घरखर्चाच्या शंभर रुपयांत ६४ पैसे. मुलांची फी, दवाखाना, घरभाडं वाढलं तर कुणी रात्रीतून आदेश काढत नाही. कांदा टीव्हीवर दिसतो, फी दिसत नाही. गरिबाला स्वस्त कांदा द्यायचाच असेल तर सरकारने बाजारभावाने घेऊन, स्वतः तोटा सोसून द्यावा. तो तोटा शेतकऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या बिलातून, वळता का करायचा, एवढंच म्हणणं.

सरकार नाफेडमार्फत खरेदी करतंच की?

करतं. भाव स्थिरीकरण निधीतून नाफेड आणि एनसीसीएफ या दोन सहकारी संस्था कांदा घेतात, साठवतात आणि भाव चढला की बाजारात सोडतात. २०२३ मध्ये आधी ३ लाख टनांचं उद्दिष्ट होतं, ते ५ लाखांवर नेलं आणि ऑगस्टमध्ये क्विंटलला २,४१० रुपयांचा दर जाहीर केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर लासलगावहून १,६०० टन कांदा भरून अख्खी रेल्वेगाडी दिल्लीला गेली, 'कांदा एक्सप्रेस'. तिकडे तो ३५ रुपये किलोने विकला.

गावातली तक्रार दोन प्रकारची आहे. एक, ही खरेदी बाजार समितीच्या लिलावात येऊन होत नाही. शेतकरी उत्पादक कंपन्या आणि संघांमार्फत होते, आणि त्यात शेतकऱ्याऐवजी दुसऱ्याचाच माल शिरतो असे आरोप वारंवार झाले आहेत. लिलावात उतरा, व्यापाऱ्याच्या शेजारी उभे राहून बोली लावा, ही मागणी जुनी आहे. दोन, साठा बाहेर येतो तो नेमका आमच्या चाळी फुटतात त्या महिन्यांत. अण्णांच्या भाषेत, 'आमचाच कांदा आमच्याच अंगावर सोडतात.'

हमीभाव का नाही?

केंद्र २२ पिकांना किमान आधारभूत किंमत जाहीर करतं, कांदा त्यात नाही. नाशवंत माल, त्यामुळे घेऊन ठेवायचा कुठे, हे सरकारचं उत्तर. गहू कोठारात वर्ष काढतो, कांदा काढत नाही, हे खरंच आहे. हमीभाव मागणाऱ्यांनी या अडचणीवर काही ठोस सांगितलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

दुसरं पीक घ्या की मग.

घेतो. मका वाढलाय, सोयाबीन आहे, काहींनी टोमॅटो केला. द्राक्षाला एकरी भांडवल इतकं लागतं की एक गारपीट दहा वर्षं मागे नेते. कांद्याचं असं आहे की चार महिन्यांत मोकळा होतो, कमी पाण्यात येतो, दोन एकरवाल्यालाही जमतो आणि पाच वर्षांतून एकदा असा भाव देतो की मुलीचं लग्न किंवा घराचा स्लॅब होतो. त्या एका वर्षाच्या आशेवर बाकीची चार निघतात. याला शेती म्हणायचं की मटका, यावर आमच्या घरात दर दिवाळीला वाद होतो.

पावडर, फ्लेक्स, प्रक्रिया उद्योग?

देशातले वाळवलेल्या कांद्याचे बरेचसे कारखाने गुजरातेत महुव्याला आहेत, आणि त्यांना पांढरा कांदा लागतो. आमचा लाल कांदा त्या कामाचा नाही. बियाण्यापासून बदलावं लागेल.

कांद्याने सरकार पडतं, हे कितपत खरं?

१९८० मध्ये इंदिरा गांधींनी महाग कांदा प्रचारात आणला आणि परत निवडून आल्या. १९९८ मध्ये दिल्लीत सुषमा स्वराज यांचं सरकार ज्या निवडणुकीत गेलं, तिच्यातही कांदाच गाजला. पण नीट बघा, या दोन्ही वेळी रागावला होता तो खाणारा. पिकवणाऱ्याच्या बाजूने रस्ता अडवला तो शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने. चाकणच्या कांदा आंदोलनानंतर १९८० च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात कांदा आणि उसाच्या भावासाठी रस्ते आणि रेल्वे अडल्या. आमचे अण्णा तेव्हा विशीत होते. पोलिसांच्या गाडीत बसून गेल्याचं अजून कौतुकाने सांगतात, आणि दर वेळी गाडीतली माणसं वाढतात.

पिकवणाऱ्याचा राग मतपेटीत दिसला तो २०२४ च्या लोकसभेला. मतदान २० मेला होतं. १५ मेला पिंपळगाव बसवंतला पंतप्रधानांची सभा झाली, तिथे एका तरुणाने उभं राहून 'कांद्यावर बोला' अशी हाक दिली. दिंडोरीत केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवार हरल्या, भास्कर भगरे निवडून आले. नाशिकमध्ये हेमंत गोडसे हरले, राजाभाऊ वाजे आले.

आणि मग सहाच महिन्यांत विधानसभेला जिल्ह्यातल्या १५ पैकी १४ जागा महायुतीला! तेव्हा कांद्याला भाव होता, निर्यातीतले अडथळे कमी झाले होते, आणि घरोघरी लाडक्या बहिणीचे महिन्याला १,५०० रुपये सुरू झाले होते. माझ्या आईने अण्णांना न सांगता मत दिलं. कुणाला, ते त्यांना अजून माहीत नाही. तेव्हा कांद्याने सरकार पडतं असं सरसकट म्हणणाऱ्यांनी जरा जपून.

अनुदान तर मिळतं ना?

२०२३ मध्ये राज्याने क्विंटलला ३५० रुपये जाहीर केले, २०० क्विंटलपर्यंत. त्यासाठी सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी होती. ज्यांनी मोबाइलवर ई-पीक पाहणी केलेली नव्हती ते अडकले. आमची नोंद होती, पैसे हप्त्याहप्त्याने आले. चुलत्यांची नव्हती, त्यांनी तलाठ्याकडे किती खेपा घातल्या ते विचारू नका.

बाजार बंद ठेवता तेव्हा नुकसान तुमचंच होतं ना?

आमचं होतंच. पण हा प्रश्न विचारताना खळ्यावरच्या बायका कुणाला आठवत नाहीत. खळ्यावर ढिगाशेजारी त्या ओळीने बसलेल्या असतात, पुढ्यात चाळण, डोक्याला रुमाल बांधलेला, हाताने कांदा निवडत: मोठा इकडे, गोल्टी तिकडे, खाद, म्हणजे खराब माल, पलीकडे. टरफलं सगळीकडे उडत असतात, केसांत, डोळ्यांत, चहात. त्यांची हजेरी रोजावर असते. २०२३ च्या सप्टेंबरात व्यापाऱ्यांनी जवळपास दोन आठवडे लिलाव बंद ठेवले. २०२४ च्या एप्रिलमध्ये हमाली-तोलाईपोटी भरायच्या रकमेवरून, म्हणजे लेव्हीवरून, पुन्हा बाजार थंड. शेतकऱ्याकडे निदान चाळीत माल होता. या बायकांकडे काय होतं? सुरगाणा-पेठकडून लागवडीला येणाऱ्या टोळ्यांचंही तसंच. भाव पडला की पुढच्या हंगामात लागवड कमी, आणि त्यांना पुढे दिंडोरीच्या द्राक्षबागांत काम शोधत जावं लागतं. त्यांच्या बाजूने निवेदन घेऊन कुणी जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलेलं मी वाचलेलं नाही. आमच्या संघटनासुद्धा गेलेल्या नाहीत.

आंदोलनात रस्त्यावर कांदा ओतता, ते अन्न वाया घालवणं नाही का?

आहे. ओतणाऱ्यालाही कळतं. बहुतेक वेळा तो खादच असतो, चांगला माल कोणी ओतत नाही.

व्यापारीच खरे चोर, नाही का?

काही आहेत. पैसे बुडवून पळालेल्यांची झळ आमच्या नात्यातल्या एकाला लागलेली आहे. सौद्याचे पैसे चोवीस तासांत द्यायचे हा नियम, आणि त्याच्या हातात महिन्यापुढच्या तारखेचे चेक होते. वटले नाहीत. पण व्यापारी नसता तर एका सकाळी आलेल्या हजार-दीड हजार गाड्या उचलल्या कुणी असत्या? भाव चढला की साठ्यावर मर्यादा येते, धाडींच्या बातम्या येतात, मग व्यापारी खरेदीच आखडतो आणि पहिला फटका आम्हालाच बसतो. मला राग आहे तो बोली लावणारे मोजकेच असतात याचा. दहा जणांच्या जागी चाळीस असते तर वांधा काढायला हिंमत लागली असती.

मग तुम्हाला नक्की हवंय काय?

अण्णांना विचाराल तर दोन हजारांचा भाव. मला विचाराल तर मी लिहून मागेन: या हंगामात निर्यातीचा नियम काय राहणार ते लागवडीच्या आधी सांगा, आणि काढणी संपेपर्यंत बदलू नका. शुल्क लावायचं तर लावा, पण जुलैतच सांगा. कारखान्यात आम्ही वर्षाचं बजेट मार्चमध्ये करतो. अडीच एकरवाल्यालाही तेवढी सवलत असावी.

वर्षाचा कांदा कधी भरावा? कसा ठेवावा?

हा प्रश्न आला की मला बरं वाटतं, कारण याचं उत्तर पक्कं आहे. एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत, उन्हाळच घ्या. मान बारीक आणि सुकलेली हवी, पापुद्रा वाजला पाहिजे. जाड मानेचा, डेंगळ्याचा (फुलाचा दांडा आलेला) किंवा जोड कांदा आधी खाऊन टाका. सोसायटीतल्या लोकांसाठी प्लास्टिकच्या गोणीत नको, जाळीच्या पिशवीत किंवा टोपलीत, जमिनीपासून वर, वारा लागेल असा. बटाट्याशेजारी तर अजिबात नको. महिन्याने एकदा हात फिरवा, एक सडका दहा नासवतो.

तुमच्याकडे या वर्षीचा अजून शिल्लक आहे का? दोन कट्टे (गोण्या) मिळतील?

आहे. मागच्या रविवारी एक कप्पा फोडला, आईने सांगितला तोच. वरचा थर छान निघाला, खालचा हातभर बसलेला होता. निवडून अठरा क्विंटल भरला, सोमवारी अण्णा पिंपळगावला घेऊन गेले. पुकारा चालू असताना त्यांनी मला फोन लावला, पण बोलले काहीच नाहीत. मागचे आवाज ऐकू येत होते: तेराशे, तेराशे दहा, तेराशे पंधरा.

कट्टे मिळतील. शनिवारी येताना आणतो, पण भाव आधी ठरवू नका.